तालुक्याच्या कॉलेजात सोन्याचे नॅनोकण कशाला? हे घ्या उत्तर

वऱ्हाडी_मास्तर (दारव्हा): काल इथे एकाने लिहिलं, तालुक्याच्या कॉलेजात सोन्याचे कण बनवणं म्हणजे पोरांच्या फीचा धूर, त्यापेक्षा माती तपासा. फार लागलं, म्हणून सविस्तर लिहितो. सोन्याच्या क्षाराच्या 100 मिली एक मिलिमोलर, म्हणजे अगदी पातळ द्रावणात सोनं जेमतेम 20 मिलिग्रॅम. उकळताना सायट्रेट (लिंबातल्या आम्लाचा क्षार) टाकलं की पिवळसर पाणी आधी रंगहीन, मग काळपट निळं आणि डोळ्यांदेखत डाळिंबी होतं. प्रकाशाचं शोषण 520 नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हिरव्या रंगात. आता मॅग्नेटाइटच्या (चुंबकाकडे ओढलं जाणारं लोखंडाचं काळं ऑक्साइड) गाभ्यावर सोन्याचं कवच चढवा. कवच पातळ असेल तर शोषण 700 च्या पुढेही नेता येतं, जाड होत गेलं की 520 कडे परत येतं. रंग आपण ठरवायचा, कण चुंबकाने गोळा करायचे. फवारणीची काही औषधं या सोन्याला चिकटतात, त्यावरून ती पाण्यात ओळखता येतात. 2017 ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली. तिथल्या पोरांनी विहिरीतलं औषध ओळखायला शिकू नये?

कापूसवाला_आर्णी: मास्तर, नॅनोचं नावच काढू नका. युरियाच्या बॅगेसंग मले नॅनो खताची बाटली घ्या लागली. लिंकिंग. बाटली नाई त बॅग नाई. पऱ्हाटी पिवळी पडून रायली होती, भांडत बसू का?

हिंगणघाटकर: आमच्याकडे तर बिलावर बाटली दाखवतच नाहीत. तक्रार केली, अधिकाऱ्याने पक्कं बिल मागितलं. ते देतो कोण?

वऱ्हाडी_मास्तर: भाऊ, ते खत आहे. विषय वेगळा.

कापूसवाला_आर्णी: तुमच्यासाठी वेगळा. पगार महिन्याला येते न तुमचा!

वऱ्हाडी_मास्तर: मी तासिका तत्त्वावर आहे. दिवाळीनंतरचं मानधन अजून निघालेलं नाही. पगारावर बोलू नका.

हिंगणघाटकर: लिंकिंगचा मुद्दा सोडू नका कोणी. यंदाही तेच होणार.

पीएचडीवाली_नागपूर: सर, लिंकिंगइतकीच फसवणूक आमच्याकडेही चालते. सोनं मॅग्नेटाइटवर सहज बसत नाही. आधी सिलिकाचा (काचेसारखा) थर, त्यावर सोनं धरून ठेवणारं अमाइन हे रसायन, मग 2-3 नॅनोमीटरचे सोन्याचे बीजकण, आणि त्यानंतर कवच वाढवायचं. एक पायरी बिघडली की एका कुपीत दोन वेगळे कण. कुपीला चुंबक लावून ठेवा. काळं भिंतीला गेलं आणि पाणी लालच राहिलं, तर ते सोनं सुटं आहे. आमच्या प्रयोगशाळेत अशीच कुपी गाभा-कवच म्हणून पोस्टरवर गेली. मी बोलले, तर वर्षभर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला माझा नंबर लागला नाही. तालुक्यात हे कोण तपासणार?

वऱ्हाडी_मास्तर: ताई, चुंबकाची परीक्षा तालुक्यातही होते, आत्ता तुम्हीच सांगितली. आमची पोरं लोखंडाच्या क्षारात अमोनिया टाकतात, द्रावण क्षणात काळं होतं, तेच मॅग्नेटाइट. हवा लागत राहिली की तपकिरी पडतं. हे हाताने केलेल्या पोराला पोस्टर दाखवून फसवता येत नाही.

पीएचडीवाली_नागपूर: एवढं मान्य. पण औषधाचं काय? प्रोफेनोफॉस, क्लोरपायरिफॉसमध्ये गंधक आहे, ती सोन्याला धरतात. मोनोक्रोटोफॉसमध्ये गंधकच नाही. त्याच्यासाठी एन्झाइम किंवा दुसरं काही कणावर बसवावं लागेल. गावकऱ्यांना हे आधी सांगा.

वऱ्हाडी_मास्तर: सांगतो. सुरुवात गंधकवाल्यांपासून करतो.

कापूसवाला_आर्णी: प्रोफेनोफॉस म्याही मारलं हाय. धुऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी आणतो. तपासा. पण मोनोचं समजत नाही त तसं कागदावर लिहून द्या, आन् वरून बाटली गळ्यात मारू नका.

हिंगणघाटकर: आणि लिंकिंग?