याकोबाची भेट: भरपाई की भीती?

धागाकर्ता
भाऊबंदकी मिटवायची कशी, हे बायबलमधल्या याकोबाकडून शिकावं असं माझं ठाम मत आहे. बापाला फसवून थोरल्या भावाचा, एसावाचा, आशीर्वाद चोरून तो पळाला होता; उत्पत्ती (बायबलचं पहिलं पुस्तक) ३२ मध्ये तो २० वर्षांनी परततोय. एसावासाठी तो २०० शेळ्या, २० बोकड, २०० मेंढ्या, २० एडके, ३० दुभत्या सांडणी, ४० गाई, १० बैल, २० गाढवी आणि १० गाढवं काढतो. एकूण ५५०, सांडणींची पिलं वेगळी. कळपाकळपांत अंतर ठेवतो, म्हणजे भावाला भेटीवर भेट मिळत जाते. शेवटी स्वतः पुढे होऊन ७ वेळा जमिनीपर्यंत लवतो. लुबाडलेल्याची भरपाई अशीच करतात.

प्रतिसाद १
साफ असहमत. एसाव ४०० माणसं घेऊन निघालाय हे कळल्यावर भेटी निघाल्या, त्याआधी नाही. भेटीने राग शांत करीन, हा त्याचाच हिशेब ३२:२० मध्ये आहे. बायबलच्याच गणना या पुस्तकातला ५:७ चा क्रम बघा: आधी कबुली, मग मूळ भरपाई, वर पाचवा हिस्सा. 'मी तुला फसवलं' असं याकोब एकदाही म्हणत नाही. शिवाय सेईरला, म्हणजे एसावाच्या मुलखात, येतो म्हणाला आणि गेला सुक्कोथला!

प्रतिसाद २
३३:२ तुम्ही दोघांनीही सोडलंत. पुढे दासी व त्यांची मुलं, मग बायको लेआ आणि तिची, सगळ्यांत मागे लाडकी बायको राहेल आणि तिचा योसेफ. हल्ला झालाच तर आधी कोण मरणार, हे त्या मुलांनी उघड्या डोळ्यांनी पाहिलं. पुढे योसेफ १७ वर्षांचा असताना याच भावांनी त्याला २० रुप्यांना विकलं आणि त्याचा झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून बापापुढे ठेवला. आपल्या आंधळ्या बापाला, इसहाकाला, करडांच्या कातड्याने फसवणारा तोच हा बाप. एसावाशी समेट झाला, पण घरातला पक्षपात तसाच राहिला. चर्चच्या मंडळीत भावांचे तंटे सोडवणाऱ्यांनी आधी आईबापांना हे विचारायला हवं.

धागाकर्ता
पक्षपाताचं मान्य. पण कबुली तोंडानेच द्यावी लागते का? चोरलेला आशीर्वाद होता 'तुझे भाऊ तुला नमन करोत' (२७:२९). इथे याकोब स्वतः नमतो, एसावाला स्वामी म्हणतो. जे घेतलं तेच परत केलं. पुढे इसहाकाला दोघांनी मिळून पुरलं (३५:२९).

प्रतिसाद १
नमन मोठं आहे, नाकारत नाही. तरी ख्रिस्ती माणसाने धडा घ्यावा तो योसेफाचा भाऊ यहूदा याच्याकडून. योसेफाला विकायची कल्पना त्याचीच. अध्याय ४४ मध्ये, मिसरात अधिकारी झालेल्या योसेफाला न ओळखता, तोच त्याला म्हणतो, देवाने आमचा दोष उघड केला. धाकट्या भावाला, बन्यामिनाला, सोडा, मला गुलाम ठेवा. बापाचा लाडका पुन्हा राहेलचाच मुलगा आहे हे माहीत असून. याकोबाने जनावरं पुढे धाडली, यहूदा स्वतः पुढे झाला.