मदत हवी आहे: मुलाच्या नडगीतली गाठ, ऑपरेशन टाळता येईल का? (नाशिक)

सिडकोकर
भाचा, वय १०, वजन ३२ किलो. चार महिने उजवी नडगी रात्री ठणकते. दोन-अडीचला रडत उठतो, वेदनाशामक दिलं की अर्ध्या-पाऊण तासात झोपतो. एमआरआयचा रिपोर्ट मोघम: 'हाडाला सूज, जंतुसंसर्ग किंवा गाठ'. मग सीटी केला. नडगीच्या मधल्या भागात, हाडाच्या जाड कवचात ७ मिमीचा गोल ठिपका, भोवती हाड घट्ट. निदान ऑस्टिऑइड ऑस्टिओमा (हाडातली छोटी, कर्करोग नसलेली गाठ). एक डॉक्टर हाड उघडून काढू म्हणतात, दुसरे सुईने जाळता येईल म्हणतात. थांबलं तर चालेल का? नाशिकमध्ये नेमकं काय विचारू?

क्ष_किरण
सीटी केलात हे फार बरं झालं. या गाठीत एमआरआय अनेकदा फसवतो. भोवतीची सूज एवढी चमकते की छोटा गाभा (म्हणजे तो गोल ठिपका) तिच्यात हरवून जातो. सीटीची सीडी जपा. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो पुरत नाही, सुईची वाट पातळ कापांवरच आखतात.

ही गाठ कर्करोगात बदलत नाही आणि काही वर्षांत आपोआप शांतही होऊ शकते, त्यामुळे थांबणं हा खरा पर्याय आहे. पण तेवढा काळ वेदनाशामक गोळ्या घ्याव्या लागतात. नॅप्रोक्सेन बहुधा रोज किलोमागे १० मिग्रॅपासून, दोन भागांत, जेवणानंतर. नेमका डोस बालरोगतज्ज्ञच ठरवतील. सोबत आयबुप्रोफेन नको. उलट्या-जुलाब झाले, पाणी कमी पडलं तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवा, मूत्रपिंडावर ताण येतो. ॲस्पिरिन या वयात टाळाच, ताप किंवा कांजिण्यांत त्याने रेय सिंड्रोमचा (यकृत आणि मेंदूला इजा करणारा दुर्मीळ आजार) धोका असतो. गाठ सांध्यात किंवा हाड वाढतं त्या टोकाशी असती, तर थांबा म्हटलं नसतं.

गोदाकाठ
सुईचा उपचार म्हणजे आरएफए (रेडिओफ्रिक्वेन्सी अब्लेशन), विजेच्या लहरींनी सुईचं टोक तापवून गाठ जाळणं. मूल सीटीच्या टेबलावर, पूर्ण भूल देऊन. भूल हलकी नको, कारण सुई गाभ्यात शिरताना झोपेतही नाडी एकदम वाढते. आधी तपासणीसाठी तुकडा घेतात, मग सुईचं टोक साधारण ९० अंशांवर ५-६ मिनिटं. एका जागेवरून सुमारे १ सेंमी भाग जळतो, म्हणजे ७ मिमीला बहुधा एकदाच पुरे.

नडगीत जपायची ती कातडी. पुढच्या बाजूला हाडावर मांस जवळपास नसतंच. सुई ज्यातून घालतात ती बाहेरची धातूची नळी मागे ओढली नाही आणि ती गरम टोकाला टेकली, तर सुईच्या वाटेवरची कातडी भाजते. वीज परत नेण्यासाठी मांडीवर लावलेला पॅड नीट चिकटला नाही तरी तिथे भाजतं. म्हणून विचारा: वाट मागच्या-बाजूच्या मांसल भागातून घेणार का? मुलांना भूल देणारे डॉक्टर आहेत का? हाडासाठीची सुई आहे का? पायाच्या फुगलेल्या शिरांचं आरएफए वेगळं असतं, 'मशीन आहे' एवढ्यावर होकार देऊ नका.

सिडकोकर
नंतर चालता येतं?

गोदाकाठ
बहुतेक मुलं दुसऱ्या दिवशी चालतात. धावणं, उड्या, क्रिकेट काही आठवडे ते तीन महिने बंद, भोक पडलेलं हाड मोडू शकतं. रात्रीची कळ काही दिवसांत जाते. दोन आठवड्यांनंतरही तशीच असेल तर गाभ्याचा काही भाग जळायचा राहिलाय असं समजा, पुन्हा करता येतं.

क्ष_किरण
एक राहिलं. मालीश, शेक देऊ नका. ताप, वजन घटणं, दिवसभर सारखं दुखणं किंवा हाताला लागणारी वाढती गाठ, यातलं काही दिसलं तर गोळ्यांवर थांबू नका, आधी बायोप्सी.