एवढा दांडगा गडी, आणि दर वेळी चेंडू त्यालाच?

प्रश्न: मुलगा अलाबामात शिकतो. सुट्टीत आला आणि मला अमेरिकन फुटबॉलमधली, अलाबामा विद्यापीठाच्या डेरिक हेन्रीची २०१५ची ऑबर्न विद्यापीठाविरुद्धची मॅच दाखवत बसला. सवासहा फूट उंच, वजन ११० किलोच्या घरात, आणि ४६ वेळा चेंडू घेऊन हाच पळतोय! २७१ यार्ड. दुसरं कोणी नव्हतं का हो?

उत्तर १: होते की! पण पहिल्या क्वार्टरला त्याला आडवं करणारे चौथ्यात नुसते जर्सीला लोंबकळतात. तिथेच मॅच फिरते. त्या मोसमात ३९५ वेळा पळून २,२१९ यार्ड काढले, हाइझमन ट्रॉफीही (कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची) मिळवली. फक्त पहिली दोन पावलं जड पडतात. त्याच्या पुढे उभ्या आपल्याच गड्यांच्या लाइनने समोरच्यांत फट पाडलीच नाही तर सगळा जोर वाया.

उत्तर २: उंचीला भुलू नका. विस्कॉन्सिन विद्यापीठाचा रॉन डेन बघा, १९९९चा हाइझमनवाला. उंची ५ फूट १० इंच, वजन मात्र हेन्रीहून जास्त. उंच माणसाचे पाय तरी धरता येतात, या बुटक्या रणगाड्याला धरायचं कुठे? माझं मत डेनलाच.

प्रश्नकर्ता: डेनची मॅच शोधतो. मुलाला आत्ताच सांगत नाही, भांडेल.