गिरणीवाले फौजीकाका: आठवणी लिहा

मोदकांसाठी तांदूळ धुऊन सावलीत पसरले आणि मग सुचलं, दळायला नेणार कुठे? काकांना जाऊन पंधरवडाही नाही झाला. कोकणात आंजर्ल्याला असताना डबा घेऊन मीच जायचे. डबे खांद्याला खांदा लावून रांगेत, झाकणांवर खडूने नंबर. मुंबईच्या आत्येने एकदा डबा पुढे सरकवला, तर काका म्हणाले, "ताई, लाइन तोडलीत. पाठी." आत्येचा राग अजून गेला नाहीये.

पडवी: निसर्ग वादळ! ३ जून २०२०. गिरणीचे पत्रे उडालेले, पोफळी आडव्या, वीज कित्येक दिवस गुल. जुनं डिझेल इंजिन विकत नाहीत म्हणून आपण हसायचो ना? ताडपत्रीखाली तेच चालवलं. हँडल मारायला आम्ही दोघं, काका बाजूला उभे राहून "एक-दो-एक". पुकपुक ऐकून पलीकडच्या वाडीतूनही डबे आले. पैसे वहीत मांडले. पुढे द्यायला गेलो तर म्हणाले, "वही भिजली, हिशोब गेला."

चाकरमानी: सुभेदार ना ते?

पडवी: हवालदार. सुभेदार म्हटलं की म्हणायचे, "मग पेन्शनपण तेवढी मिळवून दे." जंगी पलटण, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन. ७१ च्या युद्धात जमालपूरला होते, आताच्या बांगलादेशात.

घावन: डावा कान तिथे गेला की गिरणीत, हा वाद कायमचा. काकू म्हणायच्या, मी बोलायला लागले की जातो 😄

पडवी: गिरणीच्या दगडाला टाकी मारली, म्हणजे छिन्नीने खाचा पाडल्या, की पहिलं पीठ कचकचतं. ते घरच्या तांदळाचं, गिऱ्हाइकाला नाही. काकूंचं ठरलेलं वाक्य: "फौजी कच खात नाही, फौजीची बायको खाते."

आमसूल: उपवासाच्या भाजणीचं कुणीच लिहीत नाही! आधी मूठभर वरी दळून गिरण साफ, मगच राजगिरा. इथे ठाण्यात राजगिऱ्यात गहू येतो नि सासूबाईंचा उपवास मोडला की ऐकून मी घेते. कुकर झालाय, आले.

चाकरमानी: घरघंटी कुणी वापरतं का? नाचणी फार गरम होते म्हणतात.

घावन: होते. थोडी थोडी घाल. गिरण आता कोण चालवणार?

पडवी: मुलगा पनवेलला. इंजिन भंगारात द्यायचं नाही, एवढं सांगून गेलेत.

आमसूल: कुळथाचं पीठ आणेल का कुणी तिकडून? इथलं पिठलं म्हणजे नुसतं पाणी.

घावन: गौरी गेल्या की निघते. किलोभर आणते. गेल्या वर्षीचा डबा परत दे आधी.