लिंगभाव आणि नेतृत्व: वर्गात खऱ्या केस कुठल्या घ्यायच्या?

अंत्रुजची_मॅडम
नमस्कार मंडळी. फोंडा तालुक्यात एका कॉलेजात बीकॉमला शिकवते. यंदा लिंगभाव आणि नेतृत्व हे युनिट माझ्याकडे आलंय आणि ते केस स्टडीमधून शिकवायचं असं वरून सांगितलंय. तयार मटेरियल मिळालं त्यात सगळ्या परदेशी कंपन्यांच्या सीईओ बायका, सुटाबुटातले फोटो, शेवटी "जिद्द असेल तर सगळं शक्य आहे". सत्तरी, धारबांदोड्याची पोरं ते ऐकून घेतात आणि पेपरात "स्त्री ही शक्तीचं रूप आहे" म्हणून दोन पानं भरून देतात, काय करायचं त्याचं? मुलगे तर खाली मान घालून मोबाईलात. मला वाद व्हायला हवाय वर्गात. खरी घडलेली, कागदोपत्री असलेली उदाहरणं सुचवा ना, आणि ती घ्यायची कशी तेही सांगा.

मास्तर_डिचोली
मॅडम, पहिल्याच तासाला मुलांना न सांगता प्रयोग करा. अमेरिकेत हायडी रोझेन म्हणून व्हेंचर कॅपिटलमधली, म्हणजे नव्या कंपन्यांत पैसे गुंतवणाऱ्या धंद्यातली बाई आहे, तिच्यावर हार्वर्डची केस आहे, ओळखीपाळखीच्या जोरावर तिने धंद्यात कसं स्थान मिळवलं त्याची. कोलंबिया बिझनेस स्कूलमधल्या एका प्राध्यापकाने हीच केस अर्ध्या मुलांना तशीच दिली आणि उरलेल्यांना हायडीच्या जागी हॉवर्ड असं नाव घालून. बाकी एक अक्षर बदललं नाही. हुशार दोघंही सारखेच ठरले, पण हॉवर्डबरोबर काम करायला आवडेल आणि हायडी जरा स्वार्थी वाटते असं निघालं. तुम्ही दोन पानांची केस मराठीत करा, नाव एका गठ्ठ्यात संजय, दुसऱ्यात संगीता, आणि दोनच प्रश्न विचारा: काम जमेल का, आणि हाताखाली काम कराल का. फळ्यावर आकडे मांडा. आकडे वर्गाचेच असतात त्यामुळे "हे तिकडचं, आमच्याकडे असं नसतं" म्हणायला तोंड राहत नाही. आणि फरक नाही निघाला तर तोही फळ्यावर तसाच लिहायचा, का नाही निघाला यावर पण चांगला तास होतो.

त्यानंतर ॲन हॉपकिन्स. प्राइस वॉटरहाउस या मोठ्या अकाउंटिंग फर्ममध्ये 1982 साली पार्टनर व्हायला 88 जणांची नावं होती, बाई ही एकटी. आधीचे पार्टनर 662, त्यातल्या बायका 7. कामात ती पुढे, मोठं सरकारी कंत्राट आणलेलं, तरी तिचं प्रकरण लांबणीवर टाकलं आणि सल्ला काय दिला तर जरा बायकी चाल, बायकी बोल, मेकअप कर, दागिने घाल. 1989 ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने म्हटलं की बाई अशीच असावी असे ठोकळे लावून बढती नाकारणं हा पण भेदभावच. ही केस मात्र निकालाआधीच थांबवायची हां. मुलांना त्या निवड समितीत बसवा आणि शेरे लिहायला लावा, निकाल दुसऱ्या दिवशी.

पेडणेकार
परत अमेरिकाच 😀 आपल्या गोव्यातलं काय वाईट आहे? शशिकलाताई काकोडकर घ्या की. 1973 ला त्यांचे वडील, मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर गेले आणि ताई मुख्यमंत्री झाल्या, त्यानंतर आजपर्यंत गोव्यात दुसरी बाई त्या खुर्चीवर बसलेली नाही, हीच केस.

मास्तर_डिचोली
ती वारशाची केस झाली ना पण. बापाची गादी लेकीला. मुलं हेच म्हणणार.

पेडणेकार
म्हणू देत की, तिथेच तर वाद आहे. ताई त्याआधीच आमदार होत्या, वडलांच्या मंत्रिमंडळात राज्यमंत्री होत्या. 1977 ला स्वतःच्या नेतृत्वाखाली निवडणूक लढवून मगोला (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला) परत सत्तेत आणलं, तेव्हा बाप कुठे होता? 1979 ला घरच्याच आमदारांनी बंड केलं आणि सरकार पडलं. पुढे शिक्षणमंत्री असताना प्राथमिक शाळांचं अनुदान मातृभाषेशी बांधलं, त्यावरून आजही गोव्यात भांडणं होतात. म्हणजे बाईंनी निर्णय घेतले, लोकांना न आवडणारे पण घेतले. आता मुलांना विचारा, वडलांच्या जागी आलेले मुलगे राजकारणात किती आहेत आणि त्यांना आपण वारसदार म्हणून हिणवतो का? आमच्या आजीच्या वयाच्या बायका ताईंबद्दल एक बोलतात, काणकोणचा ख्रिस्ती मित्र भलतंच बोलतो, ते पण वर्गात येऊ दे. नुसती आरती ओवाळायची नसेल तर हीच केस बरी.

आणि पुढची कडी 2022 ची विधानसभा. 40 जागा, बायका 3, आणि तिघींचेही नवरे त्याच निवडणुकीत आमदार. त्यांच्या कामाबद्दल मी काहीच म्हणत नाहीये हां, पण घरातून आधार नसलेल्या बाईला तिकीट का मिळत नाही हा प्रश्न पोरांनी सोडवायचा.

वकीलबाई_म्हापसा
कोर्टाचे निकाल वापरा, त्यात दोन्ही बाजू आयत्या लिहिलेल्या मिळतात. सी. बी. मुथम्मा 1949 मध्ये परराष्ट्र सेवेत आलेली पहिली बाई. नियम असा की बाईला लग्न करायला सरकारची लेखी परवानगी, आणि संसारामुळे काम नीट होत नाही असं वाटलं तर सरकार राजीनामा मागू शकतं. पुरुषांना असलं काही नाही. बढती नाकारल्यावर त्या सुप्रीम कोर्टात गेल्या, मधल्या काळात सरकारने बढती देऊन टाकली आणि नियम काढतो म्हणून सांगितलं, त्यामुळे 1979 ला याचिका तशी निकालात निघाली, पण न्या. कृष्णा अय्यरांनी जे सुनावलंय ते वाचून दाखवाच.

मग सैन्याची. 2020 मध्ये सरकारचं म्हणणं होतं की जवान बहुतेक खेड्यातले, बाईची कमांड मानायला त्यांची मानसिक तयारी नाही. कोर्टाने ते मानलं नाही, पर्मनंट कमिशन (निवृत्तीपर्यंतची नोकरी) द्या म्हटलं. खरी मजा 2021 च्या निकालात आहे. वरवर सगळ्यांना एकच निकष, पण या बायकांचे जुने गोपनीय अहवाल ज्या काळात लिहिले तेव्हा त्यांना पर्मनंट कमिशन मिळणारच नव्हतं, म्हणून ते वरवर लिहिलेले, आणि आता त्यांच्यावरच मार्क. कुणी शिवी दिली नाही, कुणी अडवलं नाही, तरी बाई मागे पडली. बीकॉमच्या मुलांना हे पटकन कळेल, ॲप्रेझल फॉर्म उद्या त्यांनाच भरायचेत.

माजी_पंच
मी एक टर्म पंच होते म्हणून बोलते. मुलांच्या जवळची केस म्हणजे पंचायत. 73 वी घटनादुरुस्ती आली, एक तृतीयांश जागा बायकांना, ठीक. पण आपल्याकडे सरपंच पंचांतून निवडला जातो, त्यामुळे चार डोकी इकडची तिकडे झाली की अविश्वास ठराव. सही बाईची आणि खुर्चीच्या बाजूला नवरा बसलेला हे मी डोळ्यांनी बघितलंय, गाव सांगत नाही. पण "नवराच चालवतो" इथे थांबलात तर पोरं खूश होऊन घरी जातील. त्यांना बंगाल-राजस्थानचा अभ्यास सांगा, चट्टोपाध्याय आणि डुफ्लो, 2004. तिथे कुठली पंचायत बाईसाठी राखीव हे जवळजवळ चिठ्ठी टाकल्यासारखं ठरायचं म्हणून तुलना करता आली, आणि बाई प्रमुख असलेल्या ठिकाणी पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालेलं दिसलं. पुढे बंगालातच असंही दिसलं की दोन वेळा बाई प्रमुख झालेल्या गावांत आईबाप मुलीसाठी मोठी स्वप्नं बघायला लागले.

वकीलबाई_म्हापसा
+1. जळगावच्या विचखेड्याच्या सरपंचबाईंची पण जोडा. सासू सरकारी जागेवरच्या घरात राहते आणि ही पण तिथेच राहते म्हणून अपात्र ठरवलेली, ती म्हणत होती मी नवऱ्या-पोरांबरोबर भाड्याने वेगळी राहते. 2024 ला सुप्रीम कोर्टाने पद परत दिलं आणि गावाला बाई सरपंच सहन झाली नाही असं सरळ लिहिलं.

अंत्रुजची_मॅडम
देव बरें करूं सगळ्यांना 🙏 नावं बदलायचा प्रयोग आधी, मग हॉपकिन्स आणि सैन्य एकत्र, शेवटी ताई आणि पंचायत असं ठरवतेय. मुथम्मा असाइनमेंटला. एक अडचण राहतेच, वर्गात मुली कमी बोलतात आणि मुलगे "म्हणजे आम्हीच गुन्हेगार का" म्हणून बसतात.

मास्तर_डिचोली
मुलींना "तुला कसं वाटतं, तू मुलगी म्हणून" असं कधीच विचारू नका, त्या बिचाऱ्या सगळ्या बायकांच्या वतीने साक्ष द्यायला आलेल्या नाहीत. भूमिका चिठ्ठीने वाटा. मुलगी सरकारी वकील, मुलगा ती अधिकारी. बोलायच्या आधी पाच मिनिटं सगळ्यांनी लिहायचं, म्हणजे जोराने बोलणाऱ्याचंच ऐकलं जात नाही.

पेडणेकार
नौदलाची शिडाची होडी तारिणी पण घाला की, मुलग्यांना होडी आवडते. दिवाडीला बांधलेली, 2017 ला सहा नौदल अधिकारी बायका गोव्यातून निघाल्या आणि जग फिरून मे 2018 ला परत. कप्तान वर्तिका जोशी.

अंत्रुजची_मॅडम
होडी चालेल, पण वाद कुठे आहे त्यात?

पेडणेकार
सहाही बायका होत्या म्हणून जमलं, का मिश्र क्रूवर पण तिलाच कप्तान केलं असतं? विचारून बघा.

वकीलबाई_म्हापसा
हे आवडलं. आणि मॅडम, पेपरात "नेतृत्वातील स्त्रियांचे योगदान स्पष्ट करा" असला प्रश्न नका काढू प्लीज, परत शक्तीचं रूप येणार. एक खोटा ॲप्रेझल फॉर्म छापा, शेऱ्यांसकट, आणि कुठला शेरा कामाबद्दल आणि कुठला माणसाबद्दल ते ओळखायला लावा.

अंत्रुजची_मॅडम
फॉर्म करते या रविवारी. इथे टाकीन, चुका काढा.