बिवा तलावात ट्रॉफी बास, कधी जावं?

प्रश्न: आम्ही काही मित्र जपानला बिवा तलावावर लार्जमाउथ बास (मोठ्या तोंडाचा, गोड्या पाण्यातला मासा) पकडायला जायचं म्हणतोय, खूप मासे नकोत, एकच पण खरंच मोठा मासा हवाय. कुठला सीझन बरा? आणि फोटो काढून मासा सोडून देतात तसं तिथे चालतं ना?

उत्तर १: मोठ्या माद्या हव्या असतील तर अंडी घालायच्या आधीचा काळ धरा, म्हणजे मार्च-एप्रिल, पोट अंड्यांनी टम्म असतं त्यामुळे वजन भरतं. पण जागतिक रेकॉर्डवाला मासा मात्र जुलैत लागला होता बरं का, २ जुलै २००९, मनाबू कुरिता, १०.१२ किलो, तोही आमिषाला जिवंत ब्लूगिल (एक छोटा मासा) लावून! अमेरिकेतल्या जॉर्ज पेरीच्या १९३२च्या रेकॉर्डपेक्षा किंचित जास्त, पण फरक पुरेसा नाही म्हणून बरोबरी धरली.

उत्तर २: सोडायचं मात्र अजिबात नाही. बिवा तलाव ज्या शिगा प्रांतात आहे, तिथे बास परत पाण्यात सोडायला बंदी आहे, तो बाहेरून आलेला मासा, तिथले मूळचे मासे खातो. काठावर जमा करायला पेट्या ठेवल्यात, त्यात टाकायचा. जिवंत घेऊन जाणंही बेकायदा. सोडल्याशिवाय चैन पडत नसेल तर ग्रुपने आधीच दुसरा तलाव ठरवा.

प्रश्नकर्ता: हे माहीतच नव्हतं, आज रात्रीच सगळ्यांना विचारतो.