जवस तेलाचं क्रीम एवढ्या लवकर खवट काऊन होते?

घाणीवाला_इतवारी:
राजेहो एक डाऊट आहे. घाणीचं जवस तेल घेऊन घरीच क्रीम करून राहिलो, तेलाची बाटली बरी राहते पण त्याच तेलाचं क्रीम केलं की लवकरच ऑइल पेंटसारखा वास सुटते, त्यात नागपूरचा मे महिना. दोन इमल्सिफायर वापरून पाहिले: एसएलएस (सोडियम लॉरिल सल्फेट) वालं आधी गेलं, ट्वीन ८० (पॉलिसॉर्बेट ८०) वालं जरा टिकलं. तेल तेच, पाणी तेच. इमल्सिफायरचं काम तर तेल-पाणी जोडायचं, मग खवटपणात फरक कसा काय?

जुना_एलआयटीवाला:
पडते ना भाऊ, भलताच पडते. क्रीममधे तेलाचे बारीक थेंब होतात, पाण्याला लागणारा काठ कितीतरी वाढतो आणि सगळा राडा त्या काठावरच होतो. तेलात हवेनं तयार झालेले थोडे हायड्रोपेरॉक्साइड आधीच असतात, पाण्यातलं लोह त्यांना फोडते, रॅडिकल (तेलावर तुटून पडणारे रेणूंचे तुकडे) निघतात की खवट व्हायची साखळी सुरू. एसएलएस निगेटिव्ह चार्जचं, म्हणून लोहाचे पॉझिटिव्ह आयन थेंबाच्या अंगाला ओढून आणते. ट्वीनला चार्जच नाही.

महालची_ताई:
मग ट्वीनच जास्त टाकायचं ना? नाहीतर लेसिथिन, ते नॅचरल तरी आहे. मी तर व्हिटॅमिन ई टाकते बाबा.

जुना_एलआयटीवाला:
ताई, जास्तीचं ट्वीन थेंबावर मावत नाही, पाण्यात त्याचे मायसेल म्हणजे बारीक पुंजके होतात, ते लोह आणि हायड्रोपेरॉक्साइड थेंबापासून पाण्यात ओढून घेतात म्हणून ऑक्सिडेशन, म्हणजे खवट होणं, मंदावू शकते. पण ट्वीन स्वतःच हवेनं खराब होते, उघडून ठेवलेली जुनी बाटली असेल तर तुम्हीच पेरॉक्साइड ओतून राहिल्या. लेसिथिनमधले काही फॉस्फोलिपिड (चरबीसारखे रेणू) निगेटिव्ह असतात, तेही लोह ओढतात, तिथं नॅचरल बिचरल चालत नाही. व्हिटॅमिन ई रॅडिकल पकडते, ठीक आहे, पण लोह मोकळंच फिरते ना, त्याला बांधायला डायसोडियम ईडीटीए, ०.१ टक्क्याच्या आसपास.

वर्धेकर:
बियाणं ओलं होतं का ते पण पाहा. ओल्या जवसाच्या तेलात फ्री फॅटी ॲसिड (तेलातून सुटं झालेलं आम्ल) वाढते, ते थेंबाच्या काठावर जाऊन बसते आणि पीएच ७ च्या जवळ निगेटिव्ह होते, म्हणजे एसएलएस न टाकताही तोच प्रकार.

घाणीवाला_इतवारी:
अरे बाप! ट्वीनची बाटली तर कधीची हे आठवतच नाही. ईडीटीए सुटं भेटते का इकडे?

जुना_एलआयटीवाला:
लॅब केमिकलवाल्याकडे विचारा, पण कॉस्मेटिक ग्रेडच मागा. ते पाण्यात विरघळवायचं, तेलात नाही. आणि पाणी डिस्टिल्ड घ्या, बोअरचं नको.